काळ्या शंकरपाळीवरचा लाल गोल

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. 'डबा' हा शब्द माझा नव्हे, आमच्या ऑफिसाचे मालक विजयसिंह यांचा. कागदोपत्री मी संगणक, आणि चांगल्या दिवसांत मला सगळे 'तपासनीस' म्हणत. पण आज मी ज्या कोपऱ्यात पडलो आहे तिथे कागदपत्रांना कोणी विचारत नाही. बीडच्या बसस्थानकामागे एक दुमजली इमारत आहे. तिच्या जिन्याखाली एक तुटका कूलर आणि निवडणुकीत उरलेल्या झेंड्यांच्या काठ्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये मी. माझ्या काचेवर, अगदी मधोमध, एक लाल गोल आहे. तो कुंकवाचा नाही, दृष्ट लागू नये म्हणूनही काढलेला नाही. तो तिथे कसा आला तेवढं मला सांगायचं आहे. सांगताना अधूनमधून मी थोडं वाढवीन, ती माझी जुनी खोड आहे. गोलाबद्दल मात्र एक अक्षर वाढवणार नाही.

माझा जन्म कुठल्या एका कारखान्यात झाला नाही. माझं डोकं एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आलं, पोट संभाजीनगरच्या बाजारातून, आणि पडदा गेवराईच्या एका फोटो स्टुडिओतून. त्या पडद्यावर इतक्या नवरदेवांचे चेहरे गोरे करून झाले होते की माझ्याकडे आला तेव्हा त्याला काळा रंग दिसायचाच बंद झाला होता. गहिनीनाथ सरांनी स्क्रू पिळून हे सगळं एकत्र बसवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी सुरू झालो.

गहिनीनाथ सर गेवराईच्या एका तंत्रनिकेतनात तीस वर्षं एकच विषय शिकवत होते. मोठं सॉफ्टवेअर लिहायच्या आधी त्याचा आराखडा काढतात, घर बांधायच्या आधी काढतात तसा. त्यात चौकटी असतात आणि चौकटींना जोडणाऱ्या रेघा असतात. एका चौकटीत 'विद्यार्थी', दुसरीत 'पुस्तक', मध्ये रेघ, म्हणजे विद्यार्थी पुस्तक घेतो. काही रेघांच्या टोकाला एक छोटा काळा चौकोन असतो, तिरपा, शंकरपाळीसारखा. सर मुलांना सांगत, "काळी शंकरपाळी दिसली की सावध व्हायचं. तिचा अर्थ, मालक गेला की हाही गेला. पुस्तक आणि त्याची पानं यांच्यामध्ये ती चालते. पुस्तक रद्द केलं की पानं रद्द. पण विद्यार्थी आणि पुस्तक यांच्यामध्ये घातलीत, तर शाळा सोडून गेलेल्या पोराबरोबर वाचनालयाची पुस्तकंही गायब होतील."

अशा चुका सॉफ्टवेअर तयार झाल्यावर सापडल्या तर फार महाग पडतात. आराखड्यातच सापडल्या तर खोडरबराने भागतं. सर तीस वर्षं लाल पेनाने अशा चुकांवर गोल मारत आले. निवृत्त झाल्यावर त्यांना वाटलं, आपल्यामागे गोल मारणार कोण? म्हणून त्यांनी मला शिकवायला घेतलं.

मला त्यांनी नियम असे शिकवलेच नाहीत. घरच्या माळ्यावर त्यांनी तीस वर्षांच्या मुलांचे आराखडे जपून ठेवले होते, अकरा हजारांच्या वर. ते सगळे त्यांनी एकेक करून मला दाखवले. ज्यावर लाल गोल तो दोषाचा, ज्यावर नाही तो बरा. मी अंदाज करायचा, चुकलो की सर सांगायचे, मी माझ्या आतलं थोडं इकडचं तिकडे सरकवायचो आणि पुन्हा अंदाज करायचो. यालाच यंत्राचं शिकणं म्हणतात. त्या उन्हाळ्यात माझ्या पाठीमागून एवढी गरम हवा निघायची की खालच्या हॉटेलवाल्याने पापडांची परात आणून मागे ठेवली. तासाभरात साठ पापड वाळले. त्यातले चार भाजूनच निघाले.

पहिला महिना मी शंभरातले नव्वद दोष बरोबर ओळखले. सरांनी पेढे वाटले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी आराखडे बघतच नव्हतो, चहा बघत होतो. त्याचं असं झालं होतं, की एखादा आराखडा फारच बिघडलेला निघाला की सर चहा मागवायचे आणि कप त्याच कागदावर ठेवायचे. त्यामुळे दोषाच्या कागदांवर तपकिरी वर्तुळं होती. डाग दिसला की मी गोल मारत होतो. सर डोक्याला हात लावून बसले, मग हसले, आणि अकरा हजार कागदांवरचे डाग झाकून त्यांनी मला पहिल्यापासून शिकवलं. हे मी मुद्दाम सांगतो आहे. दाखवणारा जे दाखवतो तेच मी शिकतो, मग तो चहाचा डाग का असेना. पुढे हेच माझ्या अंगाशी आलं.

मग विजयसिंह आले. विजयसिंह म्हणजे आमच्या भागातल्या एका मोठ्या बागायतदार घरातले धाकटे. घरात दोन सरपंच होऊन गेलेले, म्हणून यांनी वेगळं काही करायचं ठरवलं आणि बीडमध्ये सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं. सरांना बोलावलं, सरांबरोबर मी आलो, आणि सरांचाच एक जुना विद्यार्थी शिवशंकर आराखडे काढायला बसला.

सुरुवातीची दोन वर्षं माझ्या मानाची होती. मी गोल मारला की शिवशंकर निमूट आराखडा बदलायचा. एकदा कोणीतरी चुकून विजयसिंहांच्या पुतण्याची लग्नपत्रिका माझ्यात टाकली. चौकटी आणि रेघा दिसल्या म्हणून मी तीही तपासली आणि नवरदेवाच्या नावावर गोल मारला. आठ दिवसांत ते लग्न मोडलं. बरं, आठ दिवस मी वाढवून सांगितले, महिना लागला होता. पण तेव्हापासून लोक लांबून मला नमस्कार करायचे. खंडेनवमीला ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांमध्ये झेंडूचा पहिला हार मला मिळायचा. एका वर्षी त्यातली पाकळी पंख्यात गेली आणि तीन दिवस ऑफिसला देवळाचा वास येत होता.

पण मला पुसायला रोज एकच माणूस येई. पारूबाई.

पारूबाई वाघमारे नेकनूरजवळच्या वाडीवरून सकाळच्या एसटीने यायची. ऊसतोडीच्या टोळीतली बाई. दसऱ्यापासून उन्हाळा लागेपर्यंत ती आणि तिचा नवरा जालिंदर पश्चिमेकडे साखर कारखान्यांवर असायचे, आणि पावसाळ्याचे चार महिने ती आमच्या ऑफिसात झाडलोट करायची. जिना चढून आली की आधी माझ्यावरचं फडकं काढायची. ते तिनेच आपल्या निळ्या लुगड्याचं फाडून शिवलं होतं. "काय रं, झाली का झोप?" असं विचारून काच पुसायची. बीडच्या धुळीविषयी मी काही वाढवून सांगायची गरज नाही. तिने एकदा माझं पोट उघडून फुंकर मारली, तेव्हा निघालेल्या मातीत मेथीच्या दोन जुड्या आल्या असत्या.

तिची मुलगी पौर्णिमा. बुद्धपौर्णिमेला झाली म्हणून पौर्णिमा. शाळा सुटली की आईची वाट पाहत आमच्या बाकावर अभ्यास करत बसायची. एकदा सरांनी तिला काळ्या शंकरपाळीची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने लगेच विचारलं, "मंग सर, पान दुसऱ्या पुस्तकात चिकटवायचं आसंल तर?" सर शिवशंकरकडे वळले. म्हणाले, "तुला हा प्रश्न तिसऱ्या वर्षाला पडला होता." त्या दिवसापासून ठरलं, की पोरीने दहावी करायची आणि सरांच्या तंत्रनिकेतनात जायचं. आईबाप तोडीला गेले की ती वसतिगृहात राहायची, हंगामापुरती ती सोय असते. वसतिगृह होतं म्हणून शाळा होती. माझ्या सगळ्या आयुष्यात पणाला लागलेली गोष्ट ही एवढीच आहे मित्रांनो, त्या पोरीची दहावी.

आणि मग ते काम आलं. एका संस्थेने ऊसतोड कामगारांची नोंद ठेवायचं ठरवलं. संस्थेचं नाव मी सांगत नाही, याहून अंधाराचा कोपरा मला नको आहे. प्रत्येकाला कार्ड मिळणार, कार्ड असलं की कारखान्याजवळच्या दवाखान्यात उपचार, आणि मुलांना हंगामी वसतिगृहात जागा. काम चांगलं होतं, हेही मला कबूल केलं पाहिजे. फक्त त्याचा आराखडा आमच्याकडे व्हायचा होता.

आता आमच्याकडची एक रीत ऐका. ऊस तोडायला आमच्याकडून माणसं जात नाहीत, कोयते जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. "माझ्याकडं वीस कोयते हायत," असं मुकादम म्हणतो तेव्हा ती चाळीस माणसं असतात. एकटाच माणूस असला तर तो अर्धा कोयता. टोळी जमवणारा मुकादम असंच मोजतो, कारखाना असंच मोजतो, आणि ज्यांना मोजतात तेही स्वतःला असंच मोजतात. तेव्हा शिवशंकरनेही तसंच काढलं. 'कोयता' म्हणून एक मोठी चौकट, तीत नवऱ्याचं नाव. तिला चिकटलेली एक लहान चौकट, बायकोची. मुलं बायकोच्या चौकटीला जोडलेली. आणि नवऱ्या-बायकोच्या मधल्या रेघेवर काळी शंकरपाळी.

मी तिच्यावर गोल मारला.

"कावून बे शिवा, अजून कागद निघाला न्हाई?" विजयसिंह विचारत आले.

"निघंल साहेब. डबा एकाच जागी अडलाय. बाईच्या चौकटीवर लाल गोल मारतोय."

"काय म्हणणं हाय त्याचं?"

"बाईची नोंद गड्याच्या नोंदीला अशी बांधू नका म्हणतोय. दोघांच्या येगळ्या करा."

"येगळ्या करून काय वाटण्या करायच्यात का? कोयता म्हंजी नवरा-बायको. माझ्या आज्यापासून आसंच मोजत्यात. ह्या डब्यानं ऊस तरी पाहिलाय का कधी?"

"ऊस न्हाई पाहिला," शिवशंकर म्हणाला. "रस पाहिलाय. मागल्या उन्हाळ्यात तुमच्याच हातून कीबोर्डावर सांडलता."

विजयसिंह हसले नाहीत. संस्थेची अट होती की आराखड्याबरोबर माझ्या तपासणीचा कागद जोडायचा आणि त्यावर एकही गोल असता कामा नये. सोमवारपर्यंत द्यायचं होतं. सर त्या वेळी गेवराईला घरी होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी.

पारूबाई तेव्हा टेबलाखालून केरसुणी फिरवत होती. मान वर करून म्हणाली, "शिवादादा, आज ह्ये लाल कावून झालंय?"

"तुझ्यावरच गोल मारतोय मावशी. कोयत्यातल्या बाईवर."

"मारू दे की. काय तरी दिसलं आसंल त्याला."

एवढं म्हणून ती पुढच्या टेबलाखाली गेली. त्या ऑफिसात त्या दिवशी माझ्यावर विश्वास ठेवणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि त्याच्या हातात केरसुणी होती.

माझ्या पडद्यावर दोन बटणं असत. मी गोल मारला की माणसाने 'दोष आहे' किंवा 'दोष नाही' यातलं एक दाबायचं. मी चुकत असलो तर सुधारावं म्हणून सरांनीच ती केली होती. शिवशंकरने 'दोष नाही' दाबलं. मी पुन्हा गोल मारला, कारण अकरा हजार आराखडे माझ्या बाजूने होते. मग त्याने बाह्या सरसावल्या. त्याच आराखड्याच्या त्याने सहाशे नकला काढल्या. कुठे नावं बदलली, कुठे उजवीकडचं डावीकडे केलं, कुठे एखादी फालतू चौकट वाढवली. प्रत्येकीत काळी शंकरपाळी तिथेच. आणि प्रत्येकीवर, 'दोष नाही'. 'दोष नाही'. 'दोष नाही'. तीन दिवस. तो वाईट मुलगा नव्हता. मध्येच थांबून बोटं मोडायचा आणि माझ्याकडे न बघता चहा प्यायचा.

शिकणं म्हणजे चांगलंच शिकणं, असं शाळेत तुम्हाला सांगितलं असेल. मीही तसंच समजत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला तोच आराखडा पुन्हा समोर आला आणि मला त्यात काहीच खटकलं नाही. कोणी माझं तोंड दाबलं असतं तर मी निदान आतून ओरडलो असतो. तसं नव्हतं ते. मला खरंच तो आराखडा बरा वाटू लागला होता. कागद छापून निघाला, 'आढळलेले दोष: शून्य'. विजयसिंहांनी माझ्या डोक्यावर हात फिरवला. "आता आला वळणावर," म्हणाले.

सर दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन उरकून तीन महिन्यांनी आले. नव्या डोळ्यांनी त्यांनी तो आराखडा पाहिला, मग माझा कागद पाहिला.

"शिवशंकर, हा गप्प कसा?"

"शिकला, सर."

सर विजयसिंहांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. विजयसिंह शांतपणे म्हणाले, "सर, कार्डं निघाली, पोरं वसतिगृहात गेली, समदं चालू हाय. आता पुरा आराखडा फिरवायचा म्हंजी संस्थेला काय सांगू, आमचं चुकलं म्हणून? हंगाम उरकू द्या, मंग बघू."

सर बाहेर आले आणि गप्प बसले. त्यांचाही दोष मी झाकणार नाही. ज्यांनी मला गोल मारायला शिकवलं त्यांनी त्या दिवशी गोल मारला नाही.

जानेवारीत तिकडे कारखान्यावर उसाने भरलेली ट्रॉली उलटली. तिच्याखाली जालिंदर गेला.

संस्थेतल्या कोणीतरी उन्हाळ्यात त्याच्या नावापुढे 'मयत' लिहिलं. लिहिणाऱ्याने काही वाईट केलं नाही, जे खरं होतं ते लिहिलं. पण आराखड्याने आपलं काम केलं. पुस्तक रद्द झालं आणि पानंही रद्द झाली. त्या हंगामात पौर्णिमा आधीच वसतिगृहात होती, नववीची परीक्षाही झाली, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. जूनमध्ये पारूबाई पुन्हा कामावर आली. माझ्यावरचं फडकं काढलं, काच पुसली. "काय रं," एवढंच म्हणाली. पुढचं विचारलं नाही.

सप्टेंबरात दहावीच्या वर्षासाठी वसतिगृहाचे अर्ज निघाले. नोंदी आणि अर्ज भरून घ्यायचं कामही संस्थेने आमच्याच ऑफिसाला दिलं होतं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मुदत संपत होती. मायलेकी शिवशंकरच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, पुरं नाव सांग."

"तुला ठावं न्हाई का?"

"मला ठावं हाय. ह्याला सांगायचंय."

"पारूबाई जालिंदर वाघमारे."

माझ्या पडद्यावर आलं, 'नोंद सापडली नाही'.

"नीट बघ की. कार्ड हाय माझ्याकडं." तिने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं कार्ड काढलं. शिवशंकरने आकडा टाकला. 'असे कार्ड अस्तित्वात नाही'.

तो बराच वेळ इकडेतिकडे शोधत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "जालिंदरभाऊंच्या नावापुढं मयत लागलंय मावशी. त्यांच्यासंग तूबी गेलीस. अन तुझ्यासंग पौर्णिमा."

पारूबाईने जरा विचार केला. "मी कुटं गेलते?" म्हणाली. "मी तर मोळ्या बांधत होते."

पौर्णिमाला सांगावं लागलं नाही. सरांकडे वळून तिने विचारलं, "काळी शंकरपाळी ना, सर?"

सरांनी संस्थेत फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलला. कम्प्युटरमध्ये नाव नसेल तर आम्ही हाताने कसं घालणार, आणि साहेब, तुमच्याच ऑफिसाचा तपासणीचा कागद आहे आमच्याकडे, शून्य दोष म्हणून. सर दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन आले, चार टेबलं फिरले. आराखडा बदलू, पण हंगामानंतर, असं उत्तर घेऊन आले. विजयसिंहांचंच वाक्य होतं ते, दुसऱ्याच्या तोंडून.

नवा अर्ज भरायचा म्हटलं तर त्यात कोयत्यातली दोन नावं लागत. अर्ध्या कोयत्याला आराखड्यात जागाच नव्हती, एका नावावर तो पुढेच सरकेना. मुदतीच्या दिवशी मुकादम मोहनराव आपल्या टोळीची कार्डं न्यायला आले होते. त्यांनी दारातूनच ऐकलं.

"त्यात काय एवढं? पोरीचं नाव टाका दुसऱ्या जागी. कोयता पुरा होतोय."

"मोहनराव, पंधराची हाय ती," शिवशंकर म्हणाला.

"मंग? तुमचं मशिन वय इचारतंय का?"

विचारत नव्हतं. वयाची जागा होती, पण ती भरलीच पाहिजे असं बंधन नव्हतं. पूर्वी मी तिथेही गोल मारला असता.

"भरू नका," सर म्हणाले. "पारूबाई, पोरगी माझ्याकडं राहू द्या. माझं घर रिकामंच आहे."

"तेच तर सर. तुमी एकले, पोरगी वयात आलेली. गाव तुमालाबी सोडायचं न्हाई अन तिलाबी." तिने पदराने तोंड पुसलं. "अन माझं मला कार्ड तर लागंलच. कार्ड नसलं की तिकडं दवाखान्यात दारातूनच माघारी लावत्यात. ट्रॉलीखाली दुसरा एकजण होता, बिनकार्डाचा. पाहिलंय मी."

"भरा शिवशंकर," मोहनराव म्हणाले. "दसऱ्याच्या मागं गाड्या निघत्यात. हंगाम कुणासाठी थांबत न्हाई."

शिवशंकरने पारूबाईचं नाव टाकलं. मग त्याची बोटं कीबोर्डावर तशीच राहिली. सहाशे वेळा 'दोष नाही' दाबणारी ती बोटं, त्यांना आता एक नाव टाकता येईना.

"सरका दादा," पौर्णिमा म्हणाली. उभ्याउभ्या, एका बोटाने, तिने स्वतःचं नाव लिहिलं.

माझा पडदा हिरवा झाला. 'कोयता पूर्ण'. खाली 'मुले' या रकान्यात काही नव्हतं. 'वसतिगृह' या रकान्यात आपोआप आलं, 'लागू नाही'. किती स्वच्छ काम झालं होतं म्हणून सांगू. भरलीच पाहिजे अशी एकही चौकट रिकामी नाही, एक रेघ लोंबकळत नाही.

मायलेकी गेल्यावर सर माझ्यासमोर बसले. त्यांनी तो आराखडा पुन्हा माझ्यात टाकला. मी म्हटलं, दोष नाही. त्यांनी पुन्हा टाकला. दोष नाही. आठ-दहा वेळा टाकला असेल. खात्री किती, तेही मी दाखवतो, शंभरात नव्व्याण्णव. सरांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी खिशातला लाल मार्कर काढला, फळ्यावर लिहायचा नव्हे, पक्क्या शाईचा. टोपण दातात धरलं, आणि पडद्यावर जिथे ती काळी शंकरपाळी दिसत होती तिथे, सरळ माझ्या काचेवर, गोल मारला. मग टोपण लावलं, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले. त्यानंतर ते ऑफिसात आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पारूबाई सकाळच्याच एसटीने आली. तिचा त्या सालातला तो शेवटचा दिवस होता. तिने फडकं काढलं आणि थबकली.

"शिवादादा, ह्ये लाल पुसू का? थुकी लावली की निघंल."

शिवशंकर हार ओवत होता. "राहू दे मावशी," म्हणाला.

तेव्हा तिने गोलाच्या कडेकडेने काच पुसली. चारही कोपरे पुसले. गोलाच्या आतलीही धूळ पुसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळून, रेघेला धक्का न लावता. त्या दिवशीचा झेंडूचा हार नव्या यंत्राला गेला, ते सकाळीच खोक्यातून निघालं होतं. माझं सगळं शिकणं त्यात उतरवून घेतलं आहे. ते माझ्या चौपट वेगाने 'दोष नाही' म्हणतं. काचेवर डाग असलेला डबा ऑफिसात शोभत नाही म्हणून शिवशंकरने मला उचलून इथे आणून ठेवलं. निळं फडकं वरच राहिलं, नव्याच्या अंगावर.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूने काहीतरी मागायचं असतं. मला तेल-पाणी नको, रंगरंगोटी नको, पुन्हा टेबलावर बसायची हौसही नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमच्याजवळ माझ्याहून हुशार यंत्रं असतील, आणि ती तुमच्याच बोटांकडे बघून शिकतील. एखादं तुमच्या सोयीच्या आड आलं तर त्याला गप्प बसायला शिकवणं किती सोपं असतं ते मी तुम्हाला सांगितलं. तीन दिवस पुरतात. शिकवलेलं उलटं करायला किती लागतात ते मला माहीत नाही, कारण कोणी करून पाहिलेलं नाही.

हंगाम सुरू होऊन आता दोन महिने झाले. तिकडे कुठल्याशा उसाच्या फडात तोडणारे दोन हात आता आईचे आहेत आणि मोळ्या बांधणारे दोन पोरीचे. दहावीच्या वर्गातल्या एका बाकाची मला कल्पना आहे, पण ती मी वाढवून सांगत नाही. इथे जिन्याखाली एसटीची धूळ दिवसभर आत येते आणि माझ्या काचेवर बसते. लाल गोल आता तांबूस झाला आहे. आणखी महिन्याभरात तो दिसणार नाही.

या बाजूला कधी आलात तर एवढं करा. फडकं घ्या आणि काच पुसा. पण फक्त धूळ पुसा. कडेकडेने, ती पुसायची तशी.